कायक की विनोद? जिम्नॅस्टच्या देहश्रमाविषयी कल्याणचा एक जुना प्रश्न

जो श्रम माणूस केवळ स्वतःच्या देहावर करतो, ज्यातून धान्य, वस्त्र, भांडे किंवा घर असे काहीच निपजत नाही आणि ज्याचे मोल समोर बसलेल्या परीक्षकांच्या नजरेने ठरते, त्या श्रमाला धर्मविचारात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत वाटतो तितका नवा नाही. आधुनिक काळात तो सर्वांत टोकदार होतो तो कलात्मक जिम्नॅस्टिक्सच्या संदर्भात. कारण पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू झालेला आणि पुढे पंधरा-वीस वर्षे चाललेला सराव बीमवर किंवा फ्लोअरवर दीड मिनिटात, आणि व्हॉल्टवर तर काही क्षणांतच, एका आकड्यात जमा होतो आणि पंचविशीच्या आसपास बहुतेकींची कारकीर्द आटोपते. शेतकऱ्याचा किंवा विणकराचा श्रम जगाला काहीतरी देऊन जातो, योग्याचा श्रम त्याला स्वतःला कोठेतरी नेतो असे मानले जाते, परंतु जिम्नॅस्टचा श्रम या दोहोंपैकी कोणत्याच रकान्यात सरळ बसत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात सर्रास दिले जाणारे उत्तर गीतेतल्या निष्काम कर्माचे आहे: खेळाडूने सराव करावा, पदकाची आसक्ती ठेवू नये. दीपा कर्माकर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळवून चौथी आली आणि तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले, तेव्हा हे उत्तर देशभर ऐकू आले. पदक मिळाले असते तर हे उत्तर कोणी दिले असते की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे; खेळाडूंच्या बाबतीत गीता बहुधा हरल्यावरच आठवते. पण या उत्तराची खरी अडचण तात्त्विक आहे. निष्काम कर्माच्या कल्पनेत कर्म आणि त्याचे फळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांच्यामध्ये काळाचे किंवा दैवाचे अंतर असते, आणि कर्त्याचे मन त्या अंतरापलीकडे धावू नये एवढीच अपेक्षा असते. जिम्नॅस्टिक्सच्या आजच्या गुणपद्धतीत मात्र काठिण्यासाठी एक आणि सादरीकरणासाठी दुसरा असे दोन गुण असतात, सादरीकरणाचा गुण दहापासून सुरू होऊन गुडघा वाकला, पाऊल सरकले, बोटे सैल राहिली की दशांशादशांशाने कमी होत जातो आणि दोहोंची बेरीज अंतिम ठरते. येथे फळ कर्माच्या बाहेर राहत नाही. वाकलेला गुडघा हाच दोष आहे आणि तोच वजावटही. ज्याने फळाचा विचार सोडला त्याने कर्माच्या शुद्धतेचाच विचार सोडला, अशी ही विचित्र गुंतागुंत आहे.

तेव्हा दुसरीकडे पाहिले पाहिजे, आणि लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला औसा तालुक्यात वसलेल्या किल्लारीच्या वाचकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. किल्लारीपासून सरळ रेषेत ५० किलोमीटरांच्या आत आजचे बसवकल्याण आहे, म्हणजेच उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याण. आज ते कर्नाटकात बिदर जिल्ह्यात असले, तरी मराठवाड्याच्या या पट्ट्याची धर्मजीवनाची नाळ त्या नगराशी कधी तुटलेली नाही. बाराव्या शतकात याच एका नगरात, जेमतेम एका पिढीच्या अंतराने, देहश्रमाविषयी दोन परस्परविरोधी मते मांडली गेली.

पहिले मत राजाचे होते. तिसरा सोमेश्वर या चालुक्य राजाने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला. राज्य मिळवण्यापासून स्वयंपाकापर्यंतचे शंभर विषय त्यात आहेत आणि त्यांतला एक विषय मल्लविनोद, म्हणजे मल्लांच्या कुस्त्या पाहून राजाने करावयाचे मनोरंजन, हा आहे. मल्लांनी काय खावे, कोणत्या क्रमाने मेहनत करावी, ओझे उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे आणि खांबावर कसरत करणे या श्रमांचे प्रयोजन काय, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. मल्लखांबाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक या खांबाच्या उल्लेखाकडे नेहमी बोट दाखवतात ते योग्यच आहे. त्यांच्या नजरेतून सहसा सुटते ते प्रकरणाचे नाव. मल्लाचा आहार, त्याची झोप, त्याचे ब्रह्मचर्य या साऱ्यांची काळजी घेतली जाते ती विनोदासाठी, आणि तो विनोद मल्लाचा नसून राजाचा आहे. मल्लाला स्वतःला त्या श्रमातून काय लाभते, हा प्रश्न ग्रंथाला पडलेलाच नाही.

दुसरे मत त्यानंतर दोन-तीन दशकांनी, कलचुरी बिज्जलाच्या राजवटीत, बसवेश्वर आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी मांडले. शरण म्हणजे शिवाला शरण गेलेले भक्त. त्यांत चांभार, परीट, नावाडी, दोर वळणारे, तांदूळ वेचणारे असे सर्व थरांतले स्त्रीपुरुष होते. त्यांच्या विचारातली मध्यवर्ती संज्ञा कायक ही आहे. काया म्हणजे देह, आणि देह झिजवून प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम म्हणजे कायक. ते पूजेचे साधन मानलेले नसून प्रत्यक्ष पूजाच मानलेले आहे. कायकाला जोडून येणारी दुसरी संज्ञा दासोह: कायकातून जे मिळेल त्यातला स्वतःच्या गरजेपुरता भाग ठेवून उरलेले समाजाच्या ओंजळीत टाकणे. दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्याची कथा या मताची कसोटी म्हणून सांगितली जाते. गवत कापताना त्याच्या गळ्यातले इष्टलिंग, म्हणजे प्रत्येक लिंगायताने अंगावर धारण करावयाचे लिंग, पाण्यात पडले, तेव्हा तो काम टाकून ते शोधत बसला नाही. लिंगच त्याच्यामागे आले आणि त्याची मनधरणी करू लागले. हा विचार कन्नडमध्ये जन्मला असला तरी मराठीत तो उपरा राहिला नाही. कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाने तो मराठी घरांत नेला आणि लातूर-नांदेडकडच्या अनेक लिंगायत कुटुंबांत शिवभक्ती आणि पंढरीची ओढ एकत्र नांदताना दिसते.

या दोन मतांच्या मध्ये जिम्नॅस्टला उभे केले की प्रश्न नेमका होतो. ती सोमेश्वराची मल्ल आहे की चंदय्याच्या पंक्तीत बसणारी कायकजीवी?

महाराष्ट्राची स्वतःची कसरतीची परंपरा, म्हणजे मल्लखांब, या प्रश्नाला संदिग्ध उत्तर देते. आधुनिक मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि तेथे देवीच्या कृपेने मारुतीने माकडाच्या रूपात झाडावरची पकड शिकवली, अशी आख्यायिका आहे; म्हणजे विद्या देवाकडून मिळाली आणि खर्ची पडली ती दरबाराच्या प्रतिष्ठेसाठी. पेशवाई गेल्यावर मात्र या विद्येला राजा उरला नाही आणि तिचे भले झाले ते तेव्हाच. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२५ साली दादरला स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या संस्थांत अढी, दसरंग, सुईदोरा, वेल ही उड्यांची आणि पकडींची भाषा कोणत्याही मुलाला खुली झाली. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ही विद्या दृष्टिहीन मुलांपर्यंत नेली. ज्याला खांबावरची आपली आकृती कधीच पाहता येणार नाही असा मुलगा एरंडेल लावलेल्या लाकडावर वर चढतो, तेव्हा त्याच्यापुरता तरी विनोदाचा, म्हणजे पाहण्याचा, भाग गळून पडतो आणि निव्वळ श्रम उरतो. दासोहाचे याहून स्वच्छ उदाहरण आधुनिक क्रीडाक्षेत्रात क्वचितच सापडेल.

परंतु राजा गेला म्हणून राजाश्रय संपला असे नाही. त्याची रूपे बदलली. मल्लखांबपटूंना अर्जुन पुरस्कार मिळू लागले, हिमानी परब यांना २०२१ चा आणि सागर ओव्हळकर यांना २०२२ चा, आणि ही मान्यता उशिरा का होईना मिळाली हे न्याय्यच झाले. दुसरीकडे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण या तरतुदींनी कसरतीचे फळ प्रमाणपत्राच्या कागदात उतरले. मराठवाड्यासारख्या नोकरीच्या संधी तुटपुंज्या असलेल्या प्रदेशात आईबापांनी त्या कागदाकडे पाहून मुलीला व्यायामशाळेत घातले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. कायकाच्या विचाराला कमाई निषिद्ध नाही, आणि बसवेश्वर स्वतः बिज्जलाचे भांडारी होते; आश्रयात राहून केलेला श्रम आपोआप विटाळतो असे ते म्हणाले असते, असे मानण्याचे कारण नाही. निषिद्ध आहे ती गरजेपलीकडची साठवण. याची कथा आयदक्की मारय्याच्या नावे सांगतात: अंगणात सांडलेले तांदूळ वेचून जगणाऱ्या मारय्याने एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते परत टाकून यायला लावले.

कारकिर्दीचे दोन टप्पे, एक आंतरराष्ट्रीय आणि दुसरा महाविद्यालयीन, या प्रश्नावर वेगवेगळा प्रकाश टाकतात, आणि त्यासाठी भारतीय वंशाच्या एका अमेरिकी जिम्नॅस्टचे उदाहरण महत्त्वाचे आहे. ती मराठी नव्हे. पण हे दोन्ही टप्पे इतक्या स्पष्टपणे जगलेली भारतीय वंशाची दुसरी जिम्नॅस्ट सहज आठवत नाही. १९७८ साली फिलाडेल्फियात जन्मलेल्या मोहिनी भारद्वाज यांना १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या संघात जागा मिळाली नाही. जिम्नॅस्टिक्सच्या हिशेबात ही कारकिर्दीची अखेर असते. चार वर्षांनंतर मुलगी ‘मोठी’ झालेली असते. भारद्वाज लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या आणि त्यांच्या काळात, २०००मध्ये व २००१मध्ये, त्या विद्यापीठाने अमेरिकेचे सांघिक विद्यापीठ विजेतेपद मिळवले. पदवीनंतर खेळापासून दूर गेलेल्या भारद्वाज पुन्हा परतल्या, सरावाच्या खर्चासाठी त्यांनी धडपड केली, अभिनेत्री पामेला अँडरसन यांनी २० हजार डॉलर दिले, आणि पंचविसाव्या वर्षी त्या २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकी संघाच्या कर्णधार म्हणून गेल्या. सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघी उतरत आणि तिघींचेही गुण धरले जात, म्हणजे एकीची चूक झाकण्याची सोय नव्हती. त्या फेरीत कोर्टनी क्युपेट्स दुखापतीमुळे बॅलन्सिंग बीमवरून माघारी वळली आणि बीमवर उतरण्याचे ठरलेले नसताना भारद्वाज आयत्या वेळी तिच्या जागी चढल्या. दहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या तुळईवर मनाच्या तयारीशिवाय चढणे म्हणजे काय, हे ज्याने मल्लखांबाच्या बोंडावर तोल साधला आहे त्याला सांगावे लागणार नाही. संघाला रौप्यपदक मिळाले.

ही घटना शौर्याची म्हणून सांगितली जाते. तिचे मोल त्याहून वेगळे आहे. विद्यापीठीय जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात आणि पाच जणींचे गुण धरतात; एकीचे पडणे उरलेल्या पाच जणी उचलून धरतात, आणि उद्या त्यांच्यातली एक पडली तर आज पडलेली तिचा भार घेते. तेथे गुण हा व्यक्तीच्या नावे जमा होऊन थांबत नाही, तो संघाच्या भांड्यात ओतला जातो. दासोहाची रचना याहून वेगळी नाही. चार वर्षे अशा व्यवस्थेत घालवलेल्या स्त्रीला अथेन्समध्ये दुसरीच्या जागी चढणे हा त्याग वाटला नसणे शक्य आहे, ती रोजची सवय असू शकते. अर्थात त्या क्षणी त्यांच्या मनात काय होते हे बाहेरून ठरवण्याचा दावा येथे नाही.

दुसरा फरक पूर्णत्वाच्या कल्पनेचा आहे. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीने पहिले दहापैकी दहा मिळवले तेव्हा गुणफलकाला तो आकडा दाखवता येईना आणि त्याने १.०० दाखवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अथेन्सच्या स्पर्धेत यांग टे-यंग या कोरियन खेळाडूच्या काठिण्यगुणात परीक्षकांची चूक झाली, वाद पेटला आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून दहाची मर्यादाच काढून टाकण्यात आली. काठिण्याला आता वरची सीमा नाही, कालच्यापेक्षा अवघड उडी नेहमीच शक्य आहे आणि म्हणून मागितली जाते. अमेरिकी विद्यापीठांनी मात्र दहा टिकवले. एका व्यवस्थेत पूर्णता आहे आणि ती गाठता येते; दुसरीत ती नाहीच, फक्त अधिक आहे. लक्कम्माच्या अंगणात ही दुसरी व्यवस्था उभी राहू शकली नसती, कारण तेथे ‘पुरे’ हा शब्द श्रमाच्या व्याख्येतच होता. या अमर्याद ‘अधिका’ने क्रीडेला अपूर्व उंची दिली हे मान्य करूनही तिचा जमाखर्च एकदा मांडलाच पाहिजे.

तो जमाखर्च २०१८ च्या जानेवारीत मिशिगनच्या न्यायालयात मांडला गेला. अमेरिकी संघाचा माजी वैद्य लॅरी नासर याच्या अत्याचारांविषयी दीडशेहून अधिक स्त्रियांनी तेथे निवेदने केली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. वर्षानुवर्षे मुलींचे शरीर हे पदकाचे साधन आणि साधनाची देखभाल करणारा तो वैद्य, असे समीकरण असलेल्या व्यवस्थेत तक्रार ऐकणारा कोणी नव्हता. सोमेश्वराच्या मल्लशाळेतही आहारविहाराची काळजी होती, हे येथे आठवावे; काळजी आणि मालकी एकाच हाताने घेतली जाऊ शकते. कायकाच्या विचारात देह हेच देऊळ आहे, आणि देऊळ राजाच्या मालकीचे होत नाही. म्हणूनच २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, हवेतल्या गिरकीत स्वतःच्या देहाचे भान हरपू लागले तेव्हा सिमोन बाइल्सने व्हॉल्टनंतर सांघिक अंतिम फेरी सोडली, हे कायकाच्या बाहेर पडणे मानता येत नाही. तांदूळ परत टाकून येण्यासारखेच ते होते.

येथे किल्लारीचा वाचक एक आक्षेप घेईल आणि तो गंभीर आहे. शरणांच्या विचारात स्थावर आणि जंगम असा भेद आहे. स्थावर म्हणजे एका जागी बांधून उभे केलेले, जंगम म्हणजे चालतेबोलते, आणि बांधलेल्या देवळापेक्षा चालता देह त्यात वरचढ ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात या भागातल्या दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे कोसळली, बावन्न गावे उद्ध्वस्त झाली, आणि अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. स्थावर पडले हे खरे. पण त्याखाली जंगमच गेले. चालता देह अधिक टिकाऊ असतो असा अर्थ कोणी या भेदातून काढत असेल, तर या भूमीवर तो अर्थ बोलून दाखवण्याची कोणाला हिंमत होऊ नये. जिम्नॅस्टच्या बाबतीतही तो तितकाच खोटा आहे: सांधा निखळतो, पंचविशी येते, शिकलेली उडी देहातून निघून जाते आणि तिचे काहीही उरत नाही. जंगमाचे श्रेष्ठत्व त्याच्या टिकण्यात शोधता येत नसेल तर ते त्याच्या हस्तांतरात शोधावे लागते. वसलेल्या नव्या गावांत घरे वेगळी झाली, गल्ल्यांची मांडणी बदलली, आणि तरीही भजनाचा ठेका, जात्रेची वहिवाट, कुस्तीची पकड या गोष्टी वाचलेल्यांच्या देहांतून पुढच्या देहांत गेल्या. बाळंभटदादांचे एकही प्रात्यक्षिक कोणी पाहू शकत नाही, पण त्यांच्या पकडी आज शाळकरी मुलींच्या पोटऱ्यांत आहेत. त्या अर्थाने प्रशिक्षक होणे ही कारकिर्दीची शेपटी नसून तिचा दासोह आहे, आणि आपल्याकडे निवृत्त खेळाडूला नोकरी देऊन गप्प बसवण्याची जी रीत आहे ती या बाजूने फार महागात पडते.

या साऱ्या विवेचनात एक सांधा मात्र सैल राहतो. कायक हे स्वीकारलेले काम असते, आणि जिम्नॅस्टिक्स सुरू होते ते स्वीकाराचा अर्थ कळण्याच्या फार आधी. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धांत उतरण्यासाठी त्या वर्षी सोळा पूर्ण होण्याची अट आहे, पण सोळाव्या वर्षी तेथे पोहोचायचे तर सहाव्या वर्षी निर्णय झालेला असतो आणि तो मुलीने घेतलेला नसतो. लिंगायत परंपरेला ही अडचण ओळखीची आहे. मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याला लिंगधारण केले जाते, आईबापांच्या श्रद्धेने. दीक्षा मात्र नंतर, कळत्या वयाकडे जाताना होते, आणि गळ्यात असलेलेच लिंग तेव्हा नव्याने हाती दिले जाते. महाविद्यालयीन कारकीर्द ही, जेथे ती खऱ्या अर्थाने उपलब्ध आहे तेथे, अशा दुसऱ्या स्वीकाराची जागा आहे: अठराव्या वर्षी मुलगी विचारू शकते की हे बांधलेले आपल्याला हवे आहे का. भारद्वाज यांना ती जागा मिळाली. टोकियोनंतर विद्यापीठांसाठी खेळून २०२४ साली पॅरिसला सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या जॉर्डन चाइल्स आणि जेड केरी यांनाही ती मिळाली. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या विद्यापीठांचे संघ वेगवेगळ्या खेळांत उतरतात, पण बारावीच्या क्रीडागुणांचा हिशेब झाल्यावर खेळाडू मुलींची वाट बहुधा तेथेच खुंटते, आणि दुसऱ्यांदा विचारले जाण्याचा प्रसंगच येत नाही.

आणि अठराच्या आधीच्या बारा वर्षांचे काय, याला शरणांच्या विचारातही तयार उत्तर नाही. मारय्याला ‘पुरे’ म्हणणारी लक्कम्मा त्याच्या घरातच होती, त्याच्या बरोबरीची होती आणि जास्तीच्या तांदळात तिचा स्वार्थ नव्हता. आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ‘पुरे’ म्हणू शकणारे दोघेच असतात, पालक आणि प्रशिक्षक, आणि त्या जास्तीच्या तांदळावर दोघांचीही नजर असते.